सात संस्कारांची कुंडं: नॉर्फकमधले चार दिवस

आई गुडघ्यांवर बसली तेव्हा मला वाटलं, प्रार्थना करतेय. म्हणून मी दोन पावलं मागे सरले. थोड्या वेळाने तिने मान न वळवताच हाक मारली, "बाय, टॉर्च दे जरा इकडं. हा पलंग आहे बघ. माणूस शेवटचा श्वास मोजतोय आणि फादर तेल लावताहेत."

स्लोली नावाच्या अगदी छोट्या गावातल्या चर्चमधली ही गोष्ट. आमच्यासमोर पंधराव्या शतकातलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड होतं, पुरुषभर उंचीचं, अष्टकोनी. त्याच्या सात बाजूंवर सात संस्कार कोरलेले होते. आई बहात्तर वर्षांची आहे. वसईत तीस-पस्तीस वर्षं तिने मुलांना धर्मशिक्षण दिलं. सात संस्कार ती झोपेतही क्रमाने म्हणेल. मी लंडनजवळ राहते. ती या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा तिला राजवाडे आणि मोठं चाक दाखवायचा बेत होता. पण या कुंडांबद्दल मी वाचलं होतं, आणि ती आईसोबतच बघायची असं मनात पक्कं होतं. चार दिवसांत आम्ही सहा चर्चच्या दारांशी गेलो. एक बंद होतं, उरलेल्या पाचांतली कुंडं पाहिली. मागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवते.

आधी हे प्रकरण काय ते सांगते, कारण तयारीने गेलात तरच त्या दगडातून काही हाती लागतं. आमच्या कॅथलिक पंथात सात संस्कार आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण (बिशपच्या हातून बाप्तिस्म्यावर शिक्कामोर्तब), ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सा (पवित्र भाकरीची उपासना), प्रायश्चित्त (फादरजवळ पापांची कबुली, आमच्याकडे कुमसार म्हणतात), रुग्णाभ्यंग (आजारी माणसाला पवित्र तेल लावणं), गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) आणि विवाह. पंधराव्या शतकात इंग्लंडही कॅथलिकच होतं. त्या काळात पूर्व इंग्लंडमधल्या नॉर्फक आणि सफक या दोन परगण्यांत कुंडावर हे सातही संस्कार कोरायची पद्धत पडली. कुंडाला बाजू आठ, म्हणून आठव्या चौकटीत कुठे क्रूसावरचा येशू, कुठे योहानाकडून येशूचा बाप्तिस्मा, कुठे आणखी काही. अशी चाळिसेक कुंडं आज शिल्लक आहेत. त्यांतली दोन, केंटमधलं फार्निंगहॅम आणि सॉमरसेटमधलं नेटलकोम, एवढीच या दोन परगण्यांबाहेर आहेत.

इथेच का, याची दोन उत्तरं मिळतात आणि मला दोन्ही पटतात. एक म्हणजे पैसा. हा भाग तेव्हा लोकरीच्या कापडावर गब्बर झाला होता. वर्स्टेड म्हणून जे सुटाचं कापड आपण ओळखतो त्याचं नाव इथल्याच वर्स्टेड गावावरून पडलंय, आणि स्लोलीला जायला त्याच नावाच्या स्टेशनवर उतरावं लागतं. दुसरं उत्तर वादाचं आहे. १४२८ ते १४३१ या काळात नॉरिचचे बिशप विल्यम आल्निक यांनी लोलार्ड मतांच्या लोकांवर खटले चालवले. कुमसार देवाजवळ करावा, पाद्र्याजवळ कशाला, पाण्याने बाप्तिस्मा घ्यायची गरज काय, असं ते लोक विचारत होते. त्या खटल्यांत मार्थम गावची मार्जरी बॅक्स्टर नावाची बाई होती, आणि त्याच मार्थमच्या चर्चमध्ये सात संस्कारांचं कुंड आहे. हे कोरीवकाम म्हणजे त्या प्रश्नांना दगडात दिलेलं उत्तर, असं काही अभ्यासक मानतात. मुलाला पाण्यात घालायच्या जागीच सातही संस्कार डोळ्यांसमोर धरायचे, म्हणजे शंकेला जागा नको.

आता प्रवास.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून नॉरिचला थेट गाडी आहे, साधारण दोन तासांची. तिकीट काही आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, ऐन वेळी काढलं तर खिसा रिकामा होतो. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो, दुपारी सामान खोलीवर टाकलं आणि लगेच शेरिंगमच्या बाजूची लहान गाडी पकडून वर्स्टेडला उतरलो. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. स्टेशन म्हणजे नुसता फलाट. परतीच्या गाडीची वेळ नॉरिचलाच लिहून घ्या, कारण तिथे विचारायला माणूस नाही आणि मोबाइलची रेंज येते-जाते.

स्टेशनपासून स्लोलीचं चर्च पायी जाण्यासारखं आहे. आईच्या चालीने आम्हाला पाऊण तास लागला. रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आहेत आणि गाड्या वळणावरून अचानक समोर येतात. उजव्या कडेने, समोरच्या गाडीकडे तोंड करून चाला. भडक रंगाचं जाकीट असेल तर घाला. चर्च शेतांच्या मधोमध आहे. सेंट बार्थोलोम्यूचं देऊळ, असं आई म्हणाली. वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.

दार उघडं होतं. नॉर्फकमधली पुष्कळ खेडेगावातली चर्चं दिवसभर उघडी असतात. जाड लाकडी दार, लोखंडी कडं फिरवून जोर लावावा लागतो. कडं एका बाजूला फिरलं नाही तर दुसऱ्या बाजूला फिरवून बघा, बंद आहे समजून परत फिरू नका. आत कोणी नसतं. ज्याने उघडं ठेवलंय त्याच्यावर विश्वास ठेवून आत जायचं आणि निघताना दार नीट लावून घ्यायचं, नाहीतर पाखरं आत अडकतात.

स्लोलीचं कुंड या सगळ्या घराण्यात उत्तम राहिलेल्यांपैकी गणलं जातं, आणि पहिल्याच दिवशी तिथे गेलो हे फार बरं झालं. न फोडलेलं काम आधी पाहिलं की पुढच्या ठिकाणी काय फोडलं गेलं ते कळतं. उलट क्रमाने गेलात तर फुटक्या चौकटी नुसतेच खडबडीत उंचवटे वाटतील.

आई आधी बाप्तिस्म्याच्या चौकटीपाशी थांबली. मध्ये कुंड, वर पुरोहित, त्याच्या हातात बाळ, भोवती माणसं. म्हणजे कुंडावर कुंड कोरलेलं. वीतभर उंचीच्या चौकटीतलं ते इवलंसं कुंड बघताना ध्यानात येतं की कोरणाऱ्याने समोरची वस्तूच बारीक करून तिच्या अंगावर ठेवलीय. बाळ उघडं असतं, कारण तेव्हा डोक्यावर नुसतं पाणी ओतत नसत, बाळाला पाण्यात बुडवून काढत. म्हणून या कुंडांचं पात्र इतकं खोल आणि रुंद असतं. बाळाला पाण्यातून काढल्यावर गुंडाळायचं पांढरं वस्त्र तेव्हाही होतं, आमच्याकडे आजही आहे. माझं वस्त्र आईने अजून कपाटात जपून ठेवलंय. ते तिला तिथे आठवलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

मिस्सेची चौकट बघताना मात्र ती एकदम लहान मुलीसारखी बोलू लागली. या कुंडांवर मिस्सा दाखवायची ठरलेली पद्धत अशी: पुरोहिताची पाठ आपल्याकडे, त्याने दोन्ही हातांनी ख्रिस्तप्रसाद डोक्यावर उचललेला, मागे सेवक गुडघ्यांवर. माझ्या पिढीला फादर समोर तोंड करून मिस्सा म्हणतात हेच माहीत. आईला तिच्या लहानपणची, साठच्या दशकाआधीची लॅटिन मिस्सा आठवते. "अशीच पाठ दिसायची आम्हाला," ती म्हणाली. "आणि हा मागचा पोरगा आहे ना, हा झग्याचं टोक उचलून धरायचा. आमचा बाबूदादा करायचा हे काम. एका हातात टोक, दुसऱ्या हातात घंटा." पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश दगडात तिला तिचा भाऊ दिसला. मी त्या विषयावर बरंच वाचून गेले होते, पण झग्याचं टोक मला दिसलं नव्हतं.

दृढीकरणाच्या चौकटीवर ती अडली. बिशप आहे हे टोपीवरून कळतं, पण समोर कडेवरचं बाळ! आमच्याकडे दृढीकरण शाळकरी मुलांचं होतं, धड्यांची परीक्षा देऊन. मध्ययुगात बिशप कधी गावावरून गेला की त्याच्यापुढे तान्ही बाळंसुद्धा धरत, तेव्हाची ती पद्धत आहे. कुमसाराच्या चौकटीतही तिला जाळीची पेटी सापडेना. ती पेटी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधी फादर उघड्यावर खुर्चीत बसत आणि माणूस शेजारी गुडघे टेकी.

आणि तो पलंग. कोरणाऱ्याने पलंग तिरपा, जवळजवळ उभा केल्यासारखा दाखवलाय, नाहीतर निजलेला माणूस आपल्याला दिसलाच नसता. त्यामुळे आजारी माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटतं. आईने वडिलांच्या वेळचं सगळं आठवून त्या चौकटीसमोर एक नमो मारिया म्हटली. मीही म्हटली.

स्लोलीला आम्ही सव्वा तास होतो. चौकटी खालच्या अंगाला जास्त खोल कोरलेल्या असतात. उभ्याने बघितलं तर वरची कड आणि सावलीच दिसते. बाकांपाशी गुडघे टेकायच्या भरतकाम केलेल्या उश्या असतात. त्यातली एक घ्या, कुंडाशी ठेवून त्यावर बसा आणि परत जागेवर ठेवा. टॉर्च समोरून मारू नका. एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून प्रकाश टाकला की घडी न् घडी वर येते. समोरून मारला की सगळं सपाट होतं. मोबाइलचा फ्लॅश म्हणूनच निरुपयोगी आहे. हात मात्र लावू नका, चुनखडक मऊ असतो. या भागात बांधकामाला गारगोटीशिवाय दगड नाही. चर्चच्या भिंती गारगोट्यांच्या आहेत, पण कोरायचा चुनखडक बाहेरून, जमेल तिथे होडीने आणावा लागे. त्यावरून गावाने या कामासाठी काय काय केलं असेल ते समजतं.

शनिवारी भाड्याची गाडी घेतली. आपला भारतीय परवाना घेऊन फिरायला आलेल्या माणसाला इथे १२ महिने गाडी चालवता येते, आणि रस्ताही डाव्या बाजूचाच, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. गाडी लहानच घ्या. खेडेगावांतले रस्ते एका गाडीपुरते आहेत. समोरून ट्रॅक्टर आला की मागे जाऊन कडेच्या रुंद जागेत थांबावं लागतं, आणि समोरचा हात वर करून आभार मानतो, तसेच आपणही मानायचे. बिनगाडीचं यायचं असेल तर स्लोली, नॉरिच आणि डेरेम (नॉरिचहून बस आहे) एवढं सहज होतं. सॉलला मात्र गाडीशिवाय जायचा नाद करू नये.

डेरेम हे बाजाराचं गाव. तिथल्या सेंट निकोलस चर्चमधल्या कुंडाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याचा हिशेब शिल्लक आहे. १४६८ सालचं काम, खर्च बारा पौंडांहून थोडा जास्त. ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या काळी कुशल गवंड्याला दिवसाला साधारण ६ पेन्स मिळत आणि पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे नुसत्या बारा पौंडांचे ४८० दिवसांचे रोज झाले. एका गावाने वर्गणी काढून एका कारागिराची सव्वा-दीड वर्षाची कमाई एका कुंडात ओतली. मला हा आकडा कळल्यावर कुंडाकडे बघायची नजरच बदलली. कवी विल्यम कूपर यांना याच चर्चमध्ये पुरलंय, आणि आवारात संत विदबर्गा यांच्या नावाचा झरा आहे. तिथे क्षणभर बसायला बरं वाटतं. गाव मोठं असल्याने जेवण, स्वच्छतागृह, पेट्रोल सगळं इथेच उरकून घ्या. पुढे काही नाही.

डेरेमहून निघताना मधल्या एका चर्चला वळसा घातला, त्याचं नाव लिहीत नाही. दार बंद, आणि किल्ली कुणाकडे आहे ते सांगणारा कागद पावसाने धुऊन गेलेला. गावात विचारलं तर किल्लीवाले परगावी गेलेले. चांगला तास गेला आणि आईला पावसात ताटकळावं लागलं याचं मला वाईट वाटलं. म्हणून सांगते, दूरच्या चर्चला जाण्याआधी आदल्या दिवशी फोन करा. बहुतेक चर्चचे नंबर त्यांच्या परिसराच्या संकेतस्थळावर असतात आणि लोक अगत्याने बोलतात.

सॉल. इंग्रजी स्पेलिंगवरून तुम्ही सॅली किंवा साल म्हणाल, तर कुणाला कळणार नाही. नॉर्फकमधली नावं अशीच आहेत. विंडम, हेझबरा ही नावं कागदावर ओळखूही येत नाहीत. रस्ता विचारताना नाव उच्चारण्यापेक्षा लिहिलेलं दाखवा.

सॉलचं चर्च बघून आईने पहिला प्रश्न विचारला, "आणि गाव कुठंय?" गाव असं नाहीच. मोजकी घरं, हिरवं मैदान, आणि मध्ये एखाद्या कॅथीड्रलला शोभेल असा मनोरा. लोकरीच्या पैशाने काय केलं ते इथे दिसतं. आत पाऊल टाकल्याबरोबर कुंडच समोर येतं, आणि त्यावर लाकडाचं उंच, मनोऱ्यासारखं निमुळतं झाकण. ते मागच्या माडीवरून पुढे आलेल्या लाकडी तुळईला दोरी-कप्पीने टांगलेलं आहे. दोरी ओढली की झाकण वर जायचं. तुळई आणि झाकण दोन्ही मध्ययुगातलीच. इतकं सगळं एकाच ठिकाणी टिकलेलं क्वचितच सापडतं.

झाकण कशाला, असा प्रश्न आईला पडला होता. १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी हुकूम काढला होता की कुंडं झाकून कुलूपबंद ठेवावीत. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या सणांच्या आदल्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी कुंडातच राहायचं आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे. जुन्या कुंडांच्या काठावर अजून कडीकोयंड्याची भोकं किंवा नंतर बुजवलेले चौकोन दिसतात. काठावर बोटभर अंतरावरून नजर फिरवा, एकमेकांसमोर दोन जागा सापडतील. आई हसून म्हणाली, "आपल्याकडे पवित्र शनिवारी बाटल्या भरभरून नेतात की!" तेच ते ईस्टरच्या आदल्या दिवशीचं पाणी. आपण उघड नेतो एवढंच.

सॉलच्या कुंडावर आणखी एक गोष्ट आहे जी मला इतरत्र दिसली नाही. प्रत्येक संस्काराच्या चौकटीखाली एक देवदूत आहे आणि त्याच्या हातात त्या संस्काराची खूण आहे. झीज झालीय, काही ओळखायला वेळ लागतो, पण वरचा प्रसंग आणि खालची खूण जोडीने बघत कुंडाला फेरी घालायची हा फार सुंदर अनुभव आहे. आईने धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना असेच तक्ते करायला लावले होते, वर चित्र आणि खाली वस्तू.

कुंडापासून पुढे मधल्या जमिनीत मृतांच्या स्मरणाचे पितळेचे पत्रे बसवलेले आहेत. त्यातला एक जेफ्री बोलीन यांचा, १४४० मध्ये वारलेले. हे राणी ॲन बोलीन हिचे खापरपणजोबा. ॲनशी लग्न करता यावं म्हणून आठव्या हेन्रीने रोमशी नातं तोडलं, आणि त्या तुटण्यातून पुढे जे झालं त्यात या सातांपैकी पाच संस्कार इंग्लंडच्या चर्चने संस्कारांच्या यादीतून काढले. १५६३ मध्ये ठरलेल्या धर्मकलमांत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (म्हणजे ख्रिस्तप्रसाद) एवढेच दोन उरले. तिच्या खापरपणजोबांच्या पत्र्यापासून काही पावलांवर सात संस्कारांचं कुंड उभं आहे. मी ते दोन्ही एका नजरेत बसतील अशा जागी उभी राहिले आणि तिथून हलावंसं वाटेना.

कुंडं वाचली त्याचं कारणही साधं आहे. मूर्ती काढून टाकता येते, कुंड काढलं तर बाप्तिस्मा कुठे करणार? म्हणून पात्र ठेवलं आणि त्यावरची चित्रं गेली. कुठे छिन्नीने तासली, कुठे गिलावा थापून झाकली. गिलावा थापणाऱ्याने कळत-नकळत वाचवलंच. चर्चमध्ये भेटलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मोडतोडीचं सगळं खापर सतराव्या शतकातल्या यादवीत राजाविरुद्ध लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैनिकांवर फोडलं. तसं सर्रास सांगतात. पण हे दोन वेगळे क्रॉमवेल आणि दोन वेगळे काळ आहेत. बरीच मोडतोड त्याआधी शंभर वर्षं, आठव्या हेन्रीचे मंत्री थॉमस क्रॉमवेल आणि मग १५४७ नंतर सहाव्या एडवर्डच्या हुकुमांनी झाली. विल्यम डाउझिंग नावाचा प्रसिद्ध मूर्तिभंजक १६४३-४४ मध्ये फिरला तो केंब्रिजशर आणि सफकमध्ये. सफकमधल्या अफर्ड गावच्या कुंडाचं झाकण तर त्यालाही आवडलं. पोपच्या तिहेरी मुकुटासारखं, वर सोन्याने मढवलेला पेलिकन, असं त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आणि ते झाकण आजही तिथे आहे. आम्हाला अफर्ड जमलं नाही. वुडब्रिजच्या बाजूला जाणार असाल तर चुकवू नका.

रविवार वॉल्सिंगमचा. आईसाठी सगळ्या सहलीचं हेच कारण होतं. मरियामातेचं हे तीर्थ परंपरेप्रमाणे १०६१ पासूनचं, १५३८ मध्ये उद्ध्वस्त केलेलं आणि विसाव्या शतकात पुन्हा उभं राहिलेलं. कॅथलिक तीर्थ गावाबाहेर साधारण मैलभर, स्लिपर चॅपल या छोट्याशा जुन्या प्रार्थनास्थळापाशी आहे. यात्रेकरू इथे जोडे काढून शेवटचा मैल अनवाणी चालत, असं सांगतात. आईने मिस्सेनंतर तेवढं अंतर जोड्यांसकट का होईना पण चालायचंच ठरवलं, आणि मी गाडी मागून घेऊन गेले. जुलैमध्ये येणार असाल तर केरळच्या सिरो-मलबार मंडळींच्या मोठ्या यात्रेची तारीख आधी बघा. त्या दिवशी आलात तर जत्रेचा आनंद मिळेल, पण गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि कुंड शांतपणे बघता येणार नाही.

कुंड आहे गावातल्या सेंट मेरी या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, देवळात. उंच, कोरीव पायऱ्यांवर चढवलेलं. १४ जुलै १९६१ च्या रात्री हे चर्च जळून जवळजवळ भिंतीच उरल्या. पुढच्या तीन वर्षांत ते पुन्हा उभारलं. कुंड त्या आगीतून वाचलं. म्हणून आत शिरल्यावर चमत्कारिक वाटतं: छत, बाक, काचा सगळं नवं, उजेड भरपूर, आणि त्या उजेडात पंधराव्या शतकातलं कुंड. टॉर्चची गरज पडली नाही.

स्लोलीनंतर हे बघितलं म्हणून जास्त लागलं. इथली बरीच डोकी उडवलेली आहेत. वेलबुट्टी जशीच्या तशी, खांब तसेच, वस्त्रांच्या चुण्या तशाच, आणि मानेवर नुसता खरवडलेला दगड. रागाने केलेलं काम असं वाटत नाही. नेमून दिल्यासारखं, एकेक चौकट घेत केलेलं काम वाटतं. आई पायऱ्या चढून वर गेली (पायऱ्या उंच आहेत, हात धरायला काही नाही, वयस्करांना एकट्याने चढू देऊ नका) आणि तिने एकेका चौकटीवर बोट न टेकवता नाव सांगितलं. डोकी नसताना तिने सातही ओळखले. गुडघे कुणाचे टेकलेत, हात कुणाचा कुठे आहे, पाठ कुणाची आहे, यावरून. प्रायश्चित्त तर तिने नुसत्या खांद्यांच्या कलण्यावरून सांगितलं. शेजारी एक इंग्लिश जोडपं पुस्तिका हातात घेऊन उभं होतं. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही याच्या अभ्यासक आहात का? मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडे अजून हे सगळं होतं."

त्या बाईंनी मग पुस्तिका मिटली आणि आईसोबत पुन्हा पहिल्यापासून फेरी घातली.

सोमवारी सकाळी गाडी परत दिली आणि दुपारच्या गाडीआधी नॉरिच कॅथीड्रल बघितलं. तिकीट नाही, यथाशक्ती देणगी. आवारातलं सेंट मेरी इन द मार्श हे जुनं चर्च पाडल्यावर तिथलं सात संस्कारांचं कुंड कॅथीड्रलच्या सेंट ल्यूक चॅपलमध्ये आणलं. हे बरंच मोडलेलं आहे, त्याला वीस मिनिटं पुरतात. पण मोठ्या सभागृहातलं आत्ता वापरात असलेलं कुंडही बघाच. ते तांब्याचं आहे, गावातला चॉकलेटचा कारखाना १९९० च्या दशकात बंद झाला तेव्हा तिथली भांडी कॅथीड्रलला दिली गेली, त्यांचं केलेलं. ज्या भांड्यात गावातल्या बायाबापड्यांनी जन्मभर काम केलं त्यात आता त्यांच्या नातवंडांचा बाप्तिस्मा होतो. आईला हे इतकं आवडलं की तिने दोनदा जाऊन बघितलं.

आणखी थोडं राहिलं ते सांगते. दिवसाला दोन कुंडं, फार तर तीन. चौथ्याला डोळे थकतात आणि सगळं एकसारखं दिसायला लागतं. चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, मे महिन्यातसुद्धा स्वेटर लागला. एप्रिल ते सप्टेंबर दिवस मोठा असतो, हिवाळ्यात चारनंतर काही दिसत नाही. रविवारी सकाळी उपासना असते तेव्हा बघायला म्हणून शिरू नका, उपासनेला बसायचं असेल तर मात्र मनापासून या म्हणतात. दारापाशी वही असते, त्यात नाव-गाव लिहा. किती लोक येतात हे या गावांना दाखवता येतं आणि डागडुजीच्या मदतीसाठी त्याचा उपयोग होतो. आम्ही सगळीकडे मराठीत लिहिलं आणि खाली वसई. देणगीच्या पेटीत नाणी टाकायला सुट्टे ठेवा, कार्डाची सोय सगळीकडे नाही.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी पश्चिमेला विझबीचजवळच्या वॉल्सोकनला जावं. तिथल्या कुंडावर सालच कोरलंय, १५४४, आणि देणाऱ्यांच्या आत्म्यांची आठवण ठेवा अशी विनंती. रोमशी फारकत होऊन दहा वर्षं झाली होती, मठ बंद पडले होते, वॉल्सिंगमची मूर्ती काढून नेली होती, आणि या गावाने सातही संस्कार कोरून घेतले. पुढच्या खेपेला मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

आईने वसईला जाताना फोटो छापून नेले, तिच्या जुन्या वर्गातल्या मुलांसाठी, क्रमाने. स्लोलीचे सातही चांगले आलेत. सॉलचा कुमसाराचा फोटो तेवढा हललाय. उत्तरेकडच्या अंधाऱ्या बाजूचे फोटो काढताना मोबाइल बाकाच्या पाठीवर टेकवून धरा आणि टॉर्च दुसऱ्या कुणालातरी धरायला द्या.